प्रिन्सेस स्ट्रीटवरचं ‘कशासाठी?’ विचारणारं दुकान

निवाडा आधीच सांगते, म्हणजे घाईतल्यांना पुढे वाचायची गरज नाही. शाळेत, ज्युनियर कॉलेजात किंवा डिग्रीला रसायनशास्त्र शिकवत असाल आणि प्रयोगशाळेची खरेदी स्वतः करायची मुभा असेल, तर मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या या दुकानात जरूर जा. तीन कोटेशनं जोडून सगळ्यात स्वस्त माल उचलायचा असेल तर जाऊ नका; तुमचाही वेळ जाईल, त्यांचाही.

नाव लिहीत नाही. शेठनीच सांगितलं, “मॅडम, काय लिहायचं ते लिहा, पण नाव टाकू नका. व्हिडिओ बघून पोरं येतात, धूर काढायचं सामान मागतात.” म्हणून नुसती खूण देते. मरीन लाइन्सला पूर्वेकडे उतरायचं आणि प्रिन्सेस स्ट्रीट धरायचा. कागदोपत्री तो शामलदास गांधी मार्ग, पण त्या नावाने टॅक्सीवाल्याला विचारून बघा! औषधांचे होलसेलवाले, सर्जिकल सामान, अत्तरांचे अर्क, रसायनं, सगळं एकाला एक लागून. त्यात लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर गेल्यावर काउंटरवर टेस्ट ट्यूबच्या स्टँडमध्ये बॉलपेनं खोचलेली दिसली, की पोचलात.

इथे काहीही मागितलं की पहिला प्रश्न येतो, “कशासाठी?” आम्लांच्या बाबतीत तर तो कायद्याचाच भाग आहे. १८ जुलै २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. विक्रेत्याने वही ठेवायची, त्यात घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि किती माल दिला ते लिहायचं, फोटोचं सरकारी ओळखपत्र बघायचं, खरेदीचं कारण विचारायचं आणि अठरा वर्षांखालच्यांना द्यायचंच नाही. ती वही इथे खरोखर भरली जाते. ओळखीची म्हणून मला त्यातून सूट नाही, आणि असू नये. पण हे लोक साध्या निकेल सल्फेटलाही ‘कशासाठी’ विचारतात. नवख्या माणसाला ती चौकशी वाटते. खरं तर ते तुमच्यासाठी ग्रेड, म्हणजे शुद्धतेचा दर्जा, ठरवत असतात.

माझं या दुकानाशी नातं जुनं आहे आणि त्यात दोन वेगळे कालखंड आहेत. पहिला पीएच.डी.चा. विषय इनऑरगॅनिक, शिफ बेसची (अल्डिहाइड आणि अमीन जोडून होणाऱ्या संयुगांची) धातूंबरोबरची कॉम्प्लेक्सेस, म्हणजे मध्ये धातू आणि त्याला धरून बसलेले रेणू. सॅलिसिलाल्डिहाइड आणि एथिलीन डायअमीन अल्कोहोलात एकत्र केले की सॅलनचे पिवळेधमक पापुद्र्यांसारखे स्फटिक खाली बसतात. त्यात निकेल घातलं की नारिंगी-तांबडा कॉम्प्लेक्स, कोबाल्ट घातलं तर हवेतला ऑक्सिजन धरणारा आणि तापवल्यावर सोडणारा कॉम्प्लेक्स. कोबाल्टचा हा गुण सुमाकी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९३८ साली दाखवला होता, आणि आम्ही कित्येक दशकांनी मुंबईच्या दमट हवेत तोच खेळ करत बसलो होतो. त्या काळी मी दुकानात फक्त दोन अक्षरं बोलायची: एआर, म्हणजे विश्लेषणाला चालेल इतकं शुद्ध. सगळं एआर हवं, बाटली सीलबंद हवी. कारण कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनच्या विश्लेषणात मोजलेला आणि गणिताने काढलेला आकडा ०.४ टक्क्याच्या आत जुळला नाही, तर गाइड कागद परत सरकवायचे आणि पुन्हा स्फटिकीकरणाला बसवायचे.

मग गुई बॅलन्स, पदार्थाचं चुंबकत्व मोजायचा तराजू. ज्यांनी वापरला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पूड भरलेली काचेची नळी तराजूला टांगायची, तिचं खालचं टोक चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये येऊ द्यायचं आणि चुंबक चालू केल्यावर वजन वाढतं की घटतं ते बघायचं. पदार्थात जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन असतील तर नळी आत ओढली जाते, वजन वाढतं. सगळे जोडीने असतील तर वजन किंचित घटतं. माझं निकेल-सॅलन घटायचं, म्हणजे स्क्वेअर प्लेनर, निकेलभोवतीच्या चारही जागा एका सपाट चौकोनात. साधं अष्टफलकी, म्हणजे भोवती सहा जागा असलेलं, निकेल वाढायचं. दोन एकटे इलेक्ट्रॉन, नुसत्या स्पिनच्या हिशोबाने २.८३ बोर मॅग्नेटॉन (चुंबकत्वाचं एकक), प्रत्यक्षात थोडं जास्तच. उपकरण जुळवून घ्यायला मर्क्युरी टेट्राथायोसायनॅटोकोबाल्टेट लागायचं, गडद निळं. त्याची २० अंशांवरची ग्रॅममागची ससेप्टिबिलिटी, म्हणजे चुंबकाला मिळणारा प्रतिसाद, १६.४४ गुणिले दहाचा उणे सहावा घात, मला अजून पाठ आहे. घरचा लँडलाइन नंबर विसरले, हा आकडा नाही. त्या क्षारासाठी लागणारं मर्क्युरिक क्लोराइड शेठच्या वडिलांनी कुलपातल्या कपाटातून काढून दिलं होतं, गाइडच्या सहीचं पत्र वाचून झाल्यावर.

दुसरा कालखंड शिकवण्यातल्या संशोधनाचा, आणि तो सुरू झाला एका मोरचुदापायी, म्हणजे कॉपर सल्फेटपायी. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारलं, कॉपर सल्फेटचा निळा रंग कोणाचा? वर्ग एका सुरात म्हणाला, कॉपरचा. मग परीक्षानळीत तेच स्फटिक तापवले. पाणी उडालं, पूड पांढरी झाली. कॉपर होतं तिथेच आहे, रंग कुठे गेला? थेंबभर पाणी टाकलं, निळा परत आला. वर्ग गप्प. ही मुलं क्रिस्टल फील्ड थिअरीच्या, म्हणजे अशा रंगांचं कारण सांगणाऱ्या सिद्धांताच्या, आकृत्या डोळे मिटून काढत होती. डी ऑर्बिटल्स कशी फुटतात ते फळ्यावर सांगत होती. पण फळ्यावरची ती आकृती आणि नळीतला हा निळा रंग यांची गाठ त्यांच्या डोक्यात कधी पडलीच नव्हती.

स्कॉटलंडच्या ॲलेक्स जॉन्स्टन यांनी १९९१ साली याची मांडणी केली. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालतं: डोळ्यांना दिसतं ते, न दिसणारे अणू-रेणू, आणि कागदावरची चिन्हं. शिक्षक तिन्हींमध्ये सहज उड्या मारतो, शिकणाऱ्याला एका वेळी तिन्ही पेलत नाहीत. मी ते वाचलं आणि पुढची बरीच वर्षं याच प्रश्नात घातली: डोळ्यांना दिसणारी पातळी स्वस्तात, थेंबांमध्ये आणि प्रत्येक मुलाच्या हातात कशी देता येईल. सहकाऱ्यांनी नाक मुरडलं. “कॉम्प्लेक्सेस सोडून आता शाळेचे प्रयोग?” असं विचारणारे होतेच. इनऑरगॅनिकवाल्यांच्या लेखी शिक्षणातलं संशोधन म्हणजे निवृत्तीआधीची विश्रांती. मला तर ते अधिक अवघड गेलं. तिथे ०.४ टक्क्याचा निकष नसतो.

दुकानाचा खरा उपयोग मला तेव्हा कळला. मी सवयीने एआर निकेल सल्फेट मागितलं. काउंटरवरच्या मामांनी विचारलं, “बाई, कशासाठी?” म्हटलं, रंग दाखवायला, थेंबाथेंबाने. त्यांनी एलआरची, म्हणजे साध्या प्रयोगशाळा दर्जाची, शंभर ग्रॅमची बाटली ठेवली आणि म्हणाले, “रंगाला हे चालतं. उरलेल्या पैशात एथिलीन डायअमीन न्या, ते मात्र ताजं घ्या.” पोर्सेलीनच्या खळगेवाल्या टाइलवर तो प्रयोग आजही माझ्या मते डिग्रीच्या इनऑरगॅनिकमधला सगळ्यात प्रामाणिक प्रयोग आहे. दोन्ही द्रावणं सारख्याच मोलॅरिटीची, म्हणजे सारख्याच तीव्रतेची, करायची. प्रत्येक खळग्यात निकेलचे पाच थेंब, हिरवे. एकात डायअमीनचे पाच थेंब टाकले की हिरवट निळा, दुसऱ्यात दहा टाकले की निळा, तिसऱ्यात पंधरा टाकले की जांभळा. एकास एक, एकास दोन, एकास तीन. पाण्याचे सहा रेणू दोन-दोन करून हटतात आणि दर पायरीला रंग सरकतो. आल्फ्रेड वेर्नरने १८९३ साली धातूभोवती सहा जागा असतात असं म्हटलं आणि त्यासाठी १९१३चं नोबेल मिळवलं. मुलांना त्या सहा जागा इथे थेंब मोजून भरता येतात. बीकरमध्ये हे केलं तर लिटरभर निकेलचा घाण कचरा होतो. टाइलवर सगळा वर्ग मिळून एक बाटलीही भरत नाही. आणि हो, ती बाटली बेसिनमध्ये ओतायची नाही. निकेलने हाताला पुरळ येतं, एथिलीन डायअमीनची वाफ नाकाला झोंबते. हातमोजे घाला, खिडक्या उघडा.

ग्रेडच्या बाबतीत या दुकानाइतका खरा सल्ला मला पुरवठादारांच्या गुळगुळीत कॅटलॉगात कधी मिळाला नाही. एकदा माझ्यासमोर एक नवे प्राध्यापक पोटॅशियम परमँगनेट एआरच हवं म्हणून अडून बसले होते. शेठ म्हणाले, “सर, एआर घेतलं तरी ऑक्झॅलेटने स्टँडर्डाइज करावंच लागणार ना? मग एलआर घ्या आणि सोडियम ऑक्झॅलेट एआर घ्या.” अगदी बरोबर. परमँगनेटमध्ये मँगनीज डायऑक्साइडचा अंश येतोच, तो प्राथमिक मानक नव्हे, म्हणजे नुसतं वजन करून त्याच्या द्रावणाच्या तीव्रतेवर भरवसा ठेवता येत नाही. पैसे ज्याच्या वजनावर विश्वास ठेवायचा त्यावर खर्चायचे. शेठ बी.कॉम. आहेत. हे त्यांनी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून शिकलेलं.

पुढची गोष्ट मुंबईपुरती. जून ते सप्टेंबर फेरिक क्लोराइड घेऊ नका, निदान मोठी बाटली तरी नकोच. एकदा उघडली की ढेकळं होतात, मग चिखल, मग तपकिरी पाणी. मामा ते पावसाळ्यात स्वतःहून सुचवतच नाहीत. डेसिकेटरसाठी (पदार्थ कोरडे ठेवायच्या भांड्यासाठी) सिलिका जेल घेताना निळं न घेता नारिंगी मागा. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि त्याच्या विषारीपणामुळे जगभर ते मागे पडत चाललं आहे. इथे दोन्ही मिळतात, पण न सांगता निळं हातात पडतं. शेठना हे मी बोलले आहे. “जुनी गिऱ्हाइकं निळंच मागतात,” असं उत्तर मिळालं. तो मुद्दा मला पटलेला नाही.

काचेचं सामान माळ्यावर आहे. शिडीने मामाच चढतात, तुम्हाला चढू देत नाहीत. ब्युरेट घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे क्लास. पन्नास मिलीच्या ए क्लासला चूक ०.०५ मिलीच्या आत असावी लागते, बी क्लासला ०.१ चालते. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात बी क्लास द्या. त्यांची स्वतःची चूक त्याहून मोठी असते आणि तुटल्यावर जीव कमी जळतो. दुसरी म्हणजे तोटी. काचेची तोटी कॉस्टिक सोड्याने अशी जाम होते की ब्युरेटच टाकून द्यावी लागते. टेफ्लॉनची घ्या, थोडे पैसे जास्त पडतात.

दुरुस्ती ही इथली फारशी कोणाला माहीत नसलेली सोय. कंडेन्सरचा बी-२४चा जॉइंट (एकात एक बसणारा काचेचा सांधा) तुटला, फ्लास्कची मान गेली, तर हे लोक ते ठेवून घेतात आणि काचकाम करणाऱ्या कारागिराकडून करून आणतात. मात्र आधी मामा तुटलेली कड उजेडात धरून बघतात. कडेला हिरवट झाक दिसली की साधी सोडा काच, ती परत. बोरोसिलिकेट एक अंश तापमानाला मीटरमागे सुमारे ३.३ मायक्रोमीटर वाढतं आणि सोडा काच साधारण नऊ; दोन्ही जोडल्या तरी निवताना सांधा तडकतोच. हे आकडे मामांना ठाऊक नाहीत. “ही आणि ती सासू-सून आहेत, बाई,” एवढंच म्हणतात.

तिथेच माळ्यावर वायू तयार करायचं एक किपचं उपकरण धूळ खात पडलंय, तीन गोळे एकावर एक असलेलं. आमच्या पिढीच्या प्रॅक्टिकलला त्यातून हायड्रोजन सल्फाइड यायचा आणि सल्फाइडांच्या रंगांवरून धातूंचे गट ओळखायचे. संध्याकाळच्या लोकलमध्ये आमच्या शेजारची बाई उठून दुसरीकडे बसायची. आता ते कोणी विकत घेत नाही आणि मला त्याचं दुःख नाही. त्या वासाला वीरश्रीचा मुलामा देणारे माझे समवयस्क मला कंटाळवाणे वाटतात. व्हिएन्नाच्या फ्रिट्झ फाइगलने थेंबांच्या चाचण्यांवर सगळी कारकीर्द उभी केली, पुढे नाझींमुळे युरोप सोडून ब्राझीलला जावं लागल्यावरही तेच काम चालू ठेवलं. गाळणकागदाच्या तुकड्यावर एक थेंब डायमिथाइलग्लायॉक्झाइम आणि अमोनियाची वाफ, की निकेलचा गुलाबी-लाल डाग. तिथे ना किप लागतं, ना नाक दाबावं लागतं. त्यासाठी लागणारा व्हॉटमन कागद मात्र इथे सुटा मिळत नाही, अख्खं पाकीट घ्यावं लागतं. स्पॉट टेस्टला एक नंबरचा पुरे. बेचाळीस नंबरचा महागडा कागद वजनी विश्लेषणासाठी राखून ठेवा. तो जाळल्यावर राख जवळपास उरत नाही, पैसे त्याचेच असतात.

आता तक्रारी. जीएसटीचं बिल बनवायला जो वेळ लागतो तेवढ्यात दोन टायट्रेशन होतात. व्हॉट्सॲपवर यादी पाठवली तर दोन निळ्या टिका येतात आणि पुढे काही नाही. फोनच करावा लागतो. शनिवारी दुपारी कॉलेजांचे लॅब असिस्टंट गर्दी करतात, तेव्हा सल्ला मागायला जाऊ नका.

आणि छायाचित्रणाच्या रसायनांतलं त्यांना काही कळत नाही. सूर्यप्रकाशाने निळे छाप उठवायचा जॉन हर्शेलचा १८४२चा प्रयोग मी मुलांकडून करून घेते. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड कागदावर लावायचं, अंधारात वाळवायचं, वर पिंपळाचं पान ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागतं तिथे फेरिक लोह फेरस होतं आणि प्रशियन ब्लू तयार होतो. पानाखालचा कागद पाण्याने धुतल्यावर पांढरा निघतो. ऑक्टोबरच्या उन्हात काम झटपट होतं, जुलैत नादच सोडावा. या सायट्रेटचे हिरवा आणि तपकिरी असे दोन प्रकार येतात, आणि प्रकाशाला हिरवा जास्त चपळ. मी हिरवा मागितला, बाटलीतून तपकिरी निघाला. बदलून दिला, कुरकुर न करता, पण “दोन्ही सेमच आहे” हे वाक्य ऐकवल्याशिवाय नाही.

ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांचे पालक अलीकडे इथे बरेच दिसतात. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये शंभरातले चाळीस गुण प्रात्यक्षिकाला असतात, हे कोणीतरी त्यांना सांगितलेलं असतं. ही स्पर्धा २००१ साली मुंबईतच भरली होती, आणि आपल्या संघाची निवड-प्रशिक्षणाची जबाबदारी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सांभाळतं. मग बाबा यादी घेऊन येतात, घरच्या बाल्कनीत लॅब करायची म्हणतात. शेठ त्यांना एक ब्युरेट, एक पिपेट, सायट्रिक ॲसिड आणि खाण्याचा सोडा एवढ्यावर परत पाठवतात. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दहा हजारांचं गिऱ्हाईक असं घालवताना त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. घरी क्रोमेट, निकेल, कोबाल्ट नेऊ नये या मताची मीही आहे. धूर-वाऱ्याची सोय नाही, कचऱ्याची नाही, आणि खाली जेवणाचं टेबल.

न्यायचं कसं, तेही विचारून घ्या. आम्लं, सॉल्व्हंट, जळाऊ पदार्थ घेऊन लोकलमध्ये चढायला रेल्वेचा कायदा मनाई करतो आणि ती रास्त आहे. कॉलेजच्या ऑर्डरी हे लोक स्वतःच्या टेम्पोने पाठवतात, उपनगरात आठवड्यातून ठरल्या दिवशी. मी पार्ल्याची, आमच्याकडे टेम्पो वेळेवर येतो. विरारच्या एका मैत्रिणीला मात्र बरीच वाट बघावी लागते.

रविवारी बंद, इतर दिवशी जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं खाली. यादी मराठीत लिहून नेलीत तरी मामांना वाचता येते. फक्त क्षारापुढे पाण्याचे रेणू किती ते लिहा. निकेल सल्फेट सहा पाण्याचं येतं आणि सात पाण्याचंही, आणि कपाटात दोन्ही शेजारी असतात. लिटरभर ०.१ मोलर द्रावणाला सहावालं २६.३ ग्रॅम लागतं, सातवालं २८.१.